खानदेशातल्या गाडीवेड्यांना खुलं पत्र: निकाल देण्याआधी गाडीच्या पोटाखाली बघा

प्रति,
धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतली तमाम गाडीवेडी मंडळी

विषय: नव्या हायपरकारच्या रूपावर आपण देत असलेले निकाल

सप्रेम नमस्कार.

१७ ऑक्टोबर २०२४ ला फेरारीने एफ८० ही नवी हायपरकार, म्हणजे सुपरकारच्याही वरच्या वर्गातली अतिवेगवान गाडी, दाखवली. फोटो आपल्या मोबाईलवर आले आणि काही मिनिटांत आपल्यातल्या बहुतेकांचं मत पक्कं झालं. ‘हाई काय गाडी से का? तोंडवर काळी पट्टी बांधेल से!’ हे एकाचं. मागून बघितलं तर फेरारी वाटतच नाही, हे दुसऱ्याचं. आणि तिसरा, जो आपल्यात सगळ्यात जास्त वाचतो, त्याने व्ही६ (व्हीच्या आकारात मांडलेल्या सहाच सिलिंडरांचं इंजिन) हा शब्द वाचून पुढचं काही बघायचंच सोडून दिलं. त्याच महिन्यात मॅक्लारेनची डब्ल्यू१ आली होती. तिच्याबद्दल तक्रार उलटी होती: ही तर नेहमीच्या मॅक्लारेनसारखीच दिसते, नवं काय? एकीला जुन्यासारखी नाही म्हणून नापास केलं, दुसरीला जुन्यासारखी आहे म्हणून.

मी धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या पोरांना शिकवतो. गाड्यांचं वेड तुमच्याइतकंच आहे, म्हणूनच हे पत्र लिहितोय. एखादी गाडी आवडत नाही म्हणण्याचा तुमचा हक्क मी काढून घेत नाही. पण ज्या वस्तूचा निम्म्याहून अधिक आकार फोटोत दिसतच नाही, तिच्या आकारावर आपण फोटो बघून शिक्का मारतो, हे मला खटकतं. आणि त्याचं नुकसान फेरारीला होत नाही, आपल्याच पोरांना होतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी हवेबद्दल. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद आठपट. ताशी १०० किलोमीटरवरून ३०० वर जायचं तर विरोध ९ पट आणि ताकद २७ पट. म्हणजे या गाड्यांचा खरा सामना रस्त्याशी नसून हवेशी असतो. शिवाय नुसतं सरळ पळून भागत नाही, वळणावर टायर रस्त्याला चिकटून राहिले पाहिजेत. चिकटण्यासाठी वरून दाब हवा, आणि दाबासाठी वजन वाढवलं तर गाडीच जड होऊन बसते. म्हणून तो दाब हवेकडून घ्यायचा. एफ८० ताशी २५० किलोमीटरला १,०५० किलो दाब निर्माण करते. तिचं स्वतःचं वजन, तेल-पाणी सोडून, १,५२५ किलो आहे. स्वतःच्या वजनाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त भार हवा तिच्यावर टाकते, आणि उभी राहिली की तो भार नाहीसा होतो. माझ्या मते आजच्या अभियांत्रिकीतली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही फोटोत दिसत नाही.

हा दाब मोठ्या प्रमाणात येतो खालून. डिप्लोमाला व्हेंचुरीमीटरचं प्रात्यक्षिक असतं, तुमच्यातल्या अनेकांनी ते केलंय. नळी मध्ये अरुंद होते, तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब पडतो. तेच तत्त्व गाडीच्या पोटाखाली वापरतात. हवेची वाट आधी अरुंद करायची, मग मागे हळूहळू रुंद करत न्यायची. पोटाखाली दाब कमी, वर जास्त, म्हणून गाडी रस्त्याकडे ओढली जाते. मागची वाट एकदम उघडली तर हवा पृष्ठभाग सोडून देते आणि सगळा खेळ बिघडतो, म्हणून तो उतार लांबलचक लागतो. एफ८० चा हा मागचा उतार, ज्याला डिफ्यूझर म्हणतात, १,८०० मिलिमीटर लांब आहे. जवळजवळ माणसाच्या उंचीइतका! आता एवढा लांब उतार गाडीच्या पोटात बसवायचा म्हटल्यावर इंजिन कुठे जाणार, गिअरबॉक्स कुठे जाणार, माणसं कुठे बसणार? सगळ्यांना सरकावं लागतं. चालकाला पाठ टेकून, पाय वर घेऊन बसवलंय, कारण त्याच्या पायाखालून हवेला जागा हवी होती. शेजारचं आसन थोडं मागे नेलंय, म्हणजे दोघांचे खांदे एका रेषेत येत नाहीत आणि केबिन अरुंद करता येते. केबिन अरुंद म्हणून काच वेगळी, काच वेगळी म्हणून छत वेगळं. वरून जे ‘विचित्र’ दिसतं ते खालून सुरू झालेलं असतं.

ही कल्पना नवी नाही. १९७७-७८ मध्ये लोटसने फॉर्म्युला वनच्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पोटात उलटे पंख बसवले आणि बाकीचे संघ बघत राहिले. १९७८ मध्येच ब्रॅबहॅम संघाचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी त्यांच्या गाडीच्या मागे मोठा पंखा लावून खालची हवा खेचून घेतली. स्वीडनची शर्यत निकी लाउडाने त्याच गाडीत जिंकली आणि त्यानंतर ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. त्याच मरे यांनी २०२० मध्ये रस्त्यावरची टी.५० ही गाडी आणली, मागे ४०० मिलिमीटरचा पंखा घेऊन. फॉर्म्युला वनचे नावाजलेले डिझायनर एड्रियन न्यूई यांच्या डोक्यातून निघालेली अॅस्टन मार्टिनची वॅल्किरी तर या विचाराचं टोक आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी पोटाखालून एवढे मोठे बोगदे काढलेत की केबिन मध्ये लोंबकळणाऱ्या थेंबासारखी उरली आहे. मागची काच नाही, आरशांऐवजी कॅमेरे. वजन वाचवण्यासाठी बॉनेटवरचं पंखांचं चिन्हसुद्धा ७० मायक्रॉन जाडीच्या अॅल्युमिनियममध्ये कोरून काढलं. वॅल्किरीला आपल्याकडे कुणी कुरूप म्हटल्याचं मला आठवत नाही. पण ती सुंदर का, हेही कुणी विचारलं नाही. न्यूई यांचं नाव ऐकून आपण मान डोलावली.

आपल्याकडे पारख करायची रीत नाही असं थोडंच आहे? दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला जा. मारवाडी, काठियावाडी, पंजाबातले घोडे उभे असतात. अनुभवी माणूस तिथे काय करतो? घोड्याचं तोंड बघून तो किंमत बोलत नाही. दात बघतो, वय ओळखतो. खूर उचलून बघतो. पायांवरून हात फिरवतो. भोवरे बघतो, कान बघतो, ते ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचं. पण शेवटी तो म्हणतो, चालवून दाखव. मग मागे उभा राहून पाय कसे पडतात ते बघतो. जो नुसता रंग आणि आयाळ बघून भाव करतो, त्याच्याशी व्यापारी कसं बोलतात हे तुम्ही ऐकलंच असेल. घोड्याच्या बाबतीत आपल्या आजोबा-पणजोबांना जे कळत होतं, ते गाडीच्या बाबतीत आपण का सोडून द्यावं?

‘चालवून दाखव’ हे डब्ल्यू१ ला किती लागू पडतं बघा. उभी असताना ती शांत दिसते, म्हणून आपण तिला साधी म्हटलं. ट्रॅकसाठीच्या मोडवर टाकली की तिचा मागचा पंख ३०० मिलिमीटर मागे सरकतो. तो पंख डिफ्यूझरच्याच कामात हातभार लावतो, गाडीची शेपटी जणू लांब करतो. म्हणजे तिच्या आकारातला सगळ्यात धीट भाग फोटो काढला तेव्हा आत मिटलेला होता.

आता व्ही६ बद्दल. ही तक्रार मला अर्धी पटते. २०१३ च्या लाफेरारी या फेरारीच्याच हायपरकारमध्ये ६.३ लिटरचं व्ही१२ होतं, आणि तिच्यानंतरच्या गाडीत ३ लिटरचं, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र) लावलेलं व्ही६ बघून मन खट्टू होतं. कागदावर एफ८० ची एकूण ताकद १,२०० अश्वशक्ती आहे, लाफेरारीपेक्षा कितीतरी जास्त. पण व्ही१२ चा आवाज कागदावर नसतो. बुगाटीने त्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, टूरबियाँसाठी ८.३ लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही१६ इंजिन बनवून दाखवलं. वॅल्किरीचं ६.५ लिटरचं व्ही१२ मिनिटाला ११ हजारांवर फेरे घेतं. हे शक्य आहे हे दिसत असताना, ३६ लाख युरो घेणाऱ्या फेरारीकडून गाण्याची अपेक्षा ठेवणं चूक नाही. ३६ लाख युरो म्हणजे आपल्या पैशात ३० कोटींच्या पुढे, तेही इथले आयात कर धरायच्या आधी.

तरी उरलेली अर्धी बाजू बघा. हे व्ही६ १२० अंशांचं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे सिलिंडर जवळजवळ आडवे पसरलेले. त्यामुळे इंजिन बुटकं होतं, खाली बसतं. आणि लांबीला फक्त तीन सिलिंडर असल्यामुळे ते आखूडही होतं. १,८०० मिलिमीटरच्या त्या डिफ्यूझरला जागा मिळाली ती अशी. तिथे व्ही१२ ठेवलं असतं तर खालची वाट वेगळी झाली असती. शिवाय फेरारीने ल मान्सची २४ तासांची शर्यत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ४९९पी या गाडीने जिंकली, तीही व्ही६. आणि ज्या एफ४० चं चित्र आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी शाळेच्या वहीवर चिकटवलं होतं, तिच्यात तरी व्ही१२ कुठे होतं? टर्बोवालं व्ही८ होतं, १९८७ साली. तेव्हा ‘फेरारी म्हणजे व्ही१२’ हा नियम या घराण्यातल्या सगळ्यात लाडक्या गाडीनेच मोडलेला आहे. नाराज व्हा, मीही आवाजाच्या बाबतीत नाराज आहे. पण नाराजी कशाबद्दल आहे ते नेमकं बोला.

काळ्या पट्टीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे मी ठासून लिहितो. फेरारीचं म्हणणं असं की ही पट्टी हवेचंही काम करते आणि तिच्यात दिवे लपवलेत. दिवे लपवलेत हे खरं. पण हीच पट्टी मे २०२४ मध्ये आलेल्या १२चिलिंद्री या फेरारीच्याच दुसऱ्या गाडीच्या तोंडावरही आहे. तिचं इंजिन पुढे, हिचं मागे. एकीचं काम लांबचा प्रवास, दुसरीचं ट्रॅक. दोन्ही गाड्यांच्या पोटातून हवेचे रस्ते वेगवेगळे जातात, आणि चेहऱ्यावर पट्टी मात्र सारखी. ती आली आहे १९६८ च्या फेरारी डेटोनाच्या आठवणीतून, जिच्या नाकावर पारदर्शक आवरणाची पट्टी होती. म्हणजे हा निर्णय हवेचा नाही, रेखाटणाऱ्याचा आहे. आणि रेखाटणाऱ्याच्या निर्णयावर मोकळेपणाने टीका व्हायलाच हवी. मला ती पट्टी आवडत नाही. तिच्यामुळे गाडीचे डोळे गेले, आणि मागच्या चाकावरचा तो भरदार खांदा, जो मला फार आवडतो, त्याच्याशी पुढच्या तोंडाचं जुळत नाही. हे मी पाच मिनिटं बघून बोलत नाही. वरून, बाजूने, मागून सगळी चित्रं पाहून बोलतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे, भाऊ. कुठला विचित्रपणा हवेने घडवला आणि कुठला माणसाने, हे वेगळं करायला शिका. दोन्हींची परीक्षा वेगळी आहे. हवेने घडवलेल्या आकाराला विचारायचं, तू काम करतोस का? माणसाने घडवलेल्याला विचारायचं, तू शोभतोस का?

मॅक्लारेनची सेना ही गाडी २०१७ च्या डिसेंबरमध्ये दाखवली तेव्हा जगभर तिला नावं ठेवली गेली, आपल्याकडेही. तिच्याबद्दल कंपनीचा दावा होता की नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत नेलं तर कुठलीही रेषा मध्ये हवेच्या एखाद्या तोंडाला किंवा झरोक्याला छेदल्याशिवाय पुढे जात नाही. ताशी २५० ला ८०० किलो दाब हे त्याचं फळ. ती सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात खोटं काही नाही, आणि मला ते सुंदरपेक्षा वरचं वाटतं.

आणि आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या लॅम्बोर्गिनी काउंटाचकडे या. मार्चेल्लो गांदिनी यांनी काढलेला तो पाचरीसारखा आकार १९७१ साली जिनिव्हात आला तेव्हा अगदी स्वच्छ होता. पण इंजिन तापायला लागलं. भुसावळचा मे महिना ज्याने पाहिलाय आणि बिजासनच्या घाटात बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक ज्याने पाहिलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. मग १९७४ च्या विक्रीच्या गाडीत दोन्ही खांद्यांवर हवेचे डबे आले, दारांवर खोल खाचा आल्या. स्वच्छ रेषा मोडली. आज आपण काउंटाच म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर ते डबेच येतात! तिच्या मागचा तो प्रसिद्ध पंख मात्र नंतर आला आणि त्याने गाडीचा वेग कमीच केला. एकाच गाडीवर गरजेतून आलेला भाग आणि हौसेतून आलेला भाग शेजारी शेजारी बसलेत, आणि आपण दोघांवर सारखंच प्रेम करतो. प्रेम करा. पण कुठला भाग कशासाठी आहे हे माहीत असलेलं प्रेम जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे.

आता नुकसानाची गोष्ट.

रविवारी सकाळी लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी आपण जमतो तिथे मागे एक मुलगा आला होता. यावल तालुक्यातला, घरी केळी. वही भरून गाड्या काढतो. त्याने एक चित्र दाखवलं: केबिन पार पुढे ढकललेली, चालकाचे पाय जवळजवळ छातीच्या रेषेत, आणि बाजूने बघितलं तर गाडीच्या पोटातून आरपार उजेड दिसेल असा बोगदा. वहीभोवती हसणं सुरू झालं. कुणी म्हणालं बेडूक, कुणी आणखी काही. त्याने वही मिटली. त्यानंतर तो आलेला नाही. मी त्याला कॉलेजात गाठून विचारलं, असं का काढलंस? त्याचं उत्तर तयार होतं. बॅटरी तळाशी पसरली तर खालून हवेला वाट मिळत नाही, म्हणून बॅटरी मधोमध उभी घेतली. ती मध्ये आली म्हणून माणसं पुढे सरकली. पुढच्या चाकांमध्ये जागा नाही म्हणून पाय वर. वॅल्किरीबद्दल त्याने काही वाचलेलं नव्हतं. स्वतः विचार करत तो तिथे पोचला होता.

त्याला कुणी ‘का’ विचारलं असतं तर आपल्यातल्या प्रत्येकाला त्या दिवशी काहीतरी शिकायला मिळालं असतं.

हे जग आपल्यापासून फार लांब आहे असं समजून आपण असं वागतो की काय, असं मला वाटतं. पण आग्रा रोडने शिरपूर सोडा, सेंधव्याचा घाट चढा, पुढे पीथमपूर. तिथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, २०२१ पासून चालू. बाहाच्या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन पीथमपूरला जातात. आणि पिनिनफरिना बत्तिस्ता, १,९०० अश्वशक्तीची, पूर्ण विजेवरची हायपरकार, तिने पाव मैल ८.५५ सेकंदांत आणि अर्धा मैल १३.३८ सेकंदांत कापला तो याच नॅट्रॅक्सवर. ती बनवणारी कंपनी महिंद्रांच्या मालकीची आहे. इटलीतल्या रेषा, क्रोएशियाच्या रिमाक कंपनीची वीज, मुंबईची मालकी आणि आपल्या सातपुड्यापलीकडचा रस्ता. तुमच्या वाटेवरून हायपरकारचा इतिहास गेलाय, मंडळी.

पुढचा रस्ताही आहे. गांधीनगरला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) वाहन डिझाइनचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन शाखेत आहे. यावलच्या मुलाला तिथपर्यंत जायचं तर चित्र सुधारावं लागेल, गणित पक्कं करावं लागेल, ते मी बघतो. पण तिथल्या मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न हाच येणार की हा आकार असा का. त्या प्रश्नाची सवय त्याला आपल्या बैठकीत लागली पाहिजे. जिथे नुसतं ‘भारी’ आणि ‘भंगार’ हे दोनच शब्द चालतात, तिथे ती लागणार नाही.

म्हणून विनंती. यापुढे नवी गाडी आली की बोलण्याआधी तिचं बाजूचं चित्र कागदावर काढा. कसंही काढा. निळ्या पेनने हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते दाखवा. रेडिएटर कुठे असतील ते ठरवा; बुगाटीच्या वेरॉनला दहा होते हे लक्षात ठेवा आणि शोधा. माणसाचे पाय कुठे आहेत ते बघा. ज्या भागाचं कारण सापडत नाही त्याच्याभोवती लाल गोल करा. मग त्या लाल गोलांवर तुटून पडा, मी तुमच्यासोबत असेन. ज्येष्ठ मंडळींनी, ज्यांनी फियाटी आणि जीपा स्वतः खोलल्यात, त्यांनी या कामात पोरांच्या शेजारी बसावं. हवा कशी खेळवायची आणि इंजिन कसं थंड ठेवायचं यातलं तुम्हाला जे कळतं ते कुठल्या पुस्तकात नाही.

येत्या रविवारी मी एफ८० ची मोठी चित्रं छापून आणतोय, वरून, खालून आणि बाजूने. पेनं मी आणीन. त्या मुलालाही बोलावलंय आणि वही घेऊन ये असं सांगितलंय. तो आला तर पहिला प्रश्न मी विचारणार नाही, तुमच्यापैकी कुणीतरी विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

आपला,
तंत्रनिकेतनातला एक शिक्षक, धुळे